नंदीच्या गळ्यापासून देवीच्या खांबापर्यंत

वडिलांनी अंतर विचारले तेव्हा मी ताबडतोब सांगितले, कारण आकडा माझ्याकडे तयार होता. सदतीस वार आणि वर एक फूट. सातपुड्यातल्या त्या दरीत महादेवासमोरचा नंदी आणि ओढ्यापलीकडे देवीचा मंडप, यांच्यामध्ये मी आदल्याच रविवारी जाऊन स्वतः सुतळी ताणून हे मोजले होते. वडील मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. त्यांनी आकडा तोंडातल्या तोंडात घोळवला आणि म्हणाले, "म्हणजे चार लुगडी अन् वर थोडं." त्यांना कुठलीही लांबी लुगड्यांत बसवल्याशिवाय कळत नसे. आमच्या घरापासून इतवारीचा बाजार किती दूर आहे, हेही त्यांनी एकदा नातवाला लुगड्यांत सांगितले होते.

हे सत्तरच्या दशकाच्या शेवटचे. नागपुरात आमच्या गल्लीत तेव्हा निम्म्या घरांतले माग बंद पडले होते. मी तर मागावर कधी बसलोच नाही. रामदासपेठेतल्या एका कचेरीत हिशेब ठेवण्याची नोकरी करत होतो आणि सायकलने जात-येत होतो. पण घरात एक माग चालू होता. वडील त्यावर नऊवारी लुगडी विणत, आणि त्या वर्षी त्यांनी लुगडे बाजूला ठेवून देवाचे कापड लावायचे ठरवले.

आमच्या विणकर घरांत पूर्वी अशी रीत होती. लग्न झाले की पहिल्याच वर्षी नवराबायकोने त्या दरीतल्या देवळांत जायचे. शिवरात्रीची जत्रा उठून गेली की पुढचा सोमवार विणकरांचा. घरच्या मागावर विणलेले एकसंध कापड न्यायचे. नवऱ्याने एक टोक नंदीच्या गळ्यात बांधायचे, बायकोने दुसरे टोक ओढ्यापलीकडे देवीच्या मंडपाच्या खांबाला. मध्ये कुठे जोड चालत नाही. पाऊस येईपर्यंत ते कापड तसेच ओढ्यावर राहते. माझ्या लग्नात वडिलांनी ही रीत पाळली होती. धाकट्या बहिणीच्या लग्नात राहून गेली. सासरचे लोक आमच्याच जातीचे, पण माग सोडून त्यांना दोन पिढ्या झाल्या होत्या. काटोलजवळ त्यांची संत्र्याची बाग होती. कापड चढवायचे हे त्यांना ठाऊक नव्हते आणि आम्ही आठवण दिली नाही.

बहीण दोन दिवाळ्यांपूर्वी भाऊबीजेला आली होती, ती परत गेली नव्हती. भांडण झाले असते तर मला ते समजून घेता आले असते. भांडण झाले नव्हते. बागेत तोड चालू होती, म्हणून जावयाने तिला काटोलच्या स्टँडवर एकटीला गाडीत बसवून दिले होते आणि खिडकीतून संत्र्यांची पिशवी हातात दिली होती. लग्नानंतरची पहिली दिवाळी, आणि पोहोचवायला कोणी नाही. ती म्हणाली, न्यायला तरी यावे. तिकडून सासूचा निरोप आला की आपल्या पायाने गेली, आपल्या पायाने येईल. मग तिकडून कोणी आले नाही आणि इकडून कोणी गेले नाही. दिवस जात राहिले.

मला अशा गोष्टी सहन होत नाहीत. कचेरीत एखादी बेरीज जुळली नाही तर जेवण जात नाही. मी तीनचार वेळा म्हणालो की मी काटोलला जाऊन बोलतो. वडिलांनी जाऊ दिले नाही. त्यांचे म्हणणे असे की आपण पोरीला घेऊन त्यांच्या दारात गेलो तर जन्मभर ती तिथे लोकांनी आणून टाकलेली होईल, आणि ते मुकाट्याने आपल्या दारात येणारे असते तर केव्हाच आले असते. त्यापेक्षा देवळात बोलवावे. तिथे ना त्यांचे दार, ना आपले. जावयाला एका संत्रा-व्यापाऱ्याबरोबर निरोप पाठवला की राहिलेली रीत पुरी करायची आहे, अमुक सोमवारी दरीत या. उत्तर आले, "पाहतो." एवढेच.

त्या "पाहतो"वर वडिलांनी माग लावला.

खरे सांगायचे तर त्यांनी लावला आणि बहिणीने विणला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माझ्या कचेरीजवळच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली होती, पण कापड उतरल्याशिवाय डोळ्यांना हात लावू देणार नाही, असे वडील म्हणत. सुरुवातीचे काही हात त्यांनी विणले, मग काठाचा लाल धागा त्यांना पांढऱ्यातून वेगळा दिसेना. बहीण लहानपणापासून धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत आली होती, मागावर मात्र बाईने बसायची आमच्याकडे पद्धत नव्हती. एक दिवस कचेरीतून आलो तर ती खड्ड्यात बसून धोटा फेकत होती आणि वडील शेजारी पाटावर बसून नुसते ऐकत होते. शेजारचे एक म्हातारे विणकर दारात उभे होते. ते म्हणाले, "पोरीले मागावर बसवलं. आता चुलीपाशी तू बसशीन काय गा?"

वडील म्हणाले, "बसीन. तुयाघरी जेवाले नाही येणार."

म्हातारे हसले, पण हलले नाहीत. देवाचे कापड बाईच्या हातचे चालते का, असे त्यांनी विचारले. वडिलांनी सांगितले की माझ्या डोळ्यांनी विणले असते तर देवाला ते बघवले नसते.

बहीण या बोलण्यात पडली नाही. ती विणताना कधीच बोलत नसे. मात्र मला एक गोष्ट दिसली. सासरचा विषय निघाला की पूर्वी ती आत निघून जायची. आता मागावर बसलेली असे, त्यामुळे तिला उठता येत नसे, आणि सगळे ऐकावे लागे.

जाण्याच्या दिवशी कापडाची घट्ट गुंडाळी करून ती जुन्या धोतरात बांधली. ती जमिनीवर टेकवायची नाही म्हणून बहिणीने सावनेरच्या गाडीत मांडीवर घेतली. कंडक्टरने वरच्या फळीवर ठेवायला सांगितले. ती म्हणाली, "याले वर नाही ठेवत." कंडक्टर म्हणाला, "मग लेकराचं अर्धं तिकीट फाडू काय बाई?" गाडीतले लोक हसले. तीही हसली. पुष्कळ दिवसांनी मी तिला हसताना पाहिले, आणि मला लगेच काळजी वाटली, की हा माणूस आला नाही तर आपण हिला कोणत्या तोंडाने परत आणणार आहोत.

सावनेरहून पुढे सौंसरकडची गाडी, तिथून आणखी एक. शेवटी एका फाट्यावर उतरून उताराच्या वाटेने खाली चालत जायचे. वडिलांचा हात माझ्या खांद्यावर होता. त्यांना वाट दिसत नव्हती, पण कुठे वळण आहे ते आधी सांगत होते. "आता डाव्या अंगाले एक फुटका हत्ती येईन." हत्ती आला. दगडी, सोंड नसलेला, अर्धा मातीत.

दरी लहान आहे. दोन्हीकडे सागाचे डोंगर, मध्ये ओढा, ओढ्याच्या काठाने गाव आणि गावातच देवळे. लोकांची घरे आणि देवळे अशी वेगळी नाहीत. एका लहान देवळाच्या भिंतीला गोठा टेकलेला, दुसऱ्याच्या पायऱ्यांवर मिरच्या वाळत घातलेल्या. सगळे बांधकाम काळ्या दगडाचे, चुना न लावता दगडावर दगड बसवलेले. महादेवाचे देऊळ सर्वांत मोठे, त्याचे शिखर अर्धे उतरलेले. सरकारी पाटीवर देवळे तेरा लिहिली होती. गोसावी बारा म्हणे. मला एकदा अकरा मिळाली आणि एकदा चौदा, कारण पडलेले देऊळ हे देऊळ धरायचे की दगड, ते ठरवल्याशिवाय मोजताच येत नाही. हे मी गोसाव्याला सांगितले. तो म्हणाला, "ज्यात दिवा लावतो तेवढे माझे. बाकीचे तुम्ही घ्या."

हा गोसावी तिथली पूजा करत असे. साठीचा असेल, अंगाने किरकोळ, जवळ नेहमी एक विझलेली बिडी. आम्ही रविवारी त्याच्या ओसरीवर राहिलो. सोमवारी सकाळी उठून आंघोळी केल्या, दर्शन घेतले आणि जावयाची वाट पाहायला लागलो.

त्या दरीत ऊन उशिरा उतरते आणि लवकर निघून जाते. गोसाव्याने आम्हाला पहिल्यांदाच सांगून ठेवले की नंदीच्या पाठीवर ऊन असेतोवर कापड बांधून झाले पाहिजे. पश्चिमेचा डोंगर जवळ असल्यामुळे दुपार कलली की ऊन पहिल्यांदा नंदीवरून जाते. म्हणून मी नंदीकडे पाहत होतो आणि फाट्याकडच्या वाटेकडे पाहत होतो. वाट देवळाजवळून दिसत नाही, फुटक्या हत्तीपर्यंत जावे लागते. मी हत्तीपर्यंत जायचो, थांबायचो, आणि आपण इकडे आहोत तोवर तो दुसरीकडून आला असेल असे वाटून परत यायचो. परत आलो की वडील नंदीजवळच्या दगडावर बसलेले, तोंड माझ्याकडे.

"दिसून राहिलं काय कोणी?"

"नाही."

एकदा खांद्यावर दुपट्टा टाकलेला माणूस वळणावर दिसला. मी इतका घाईने पुढे गेलो की तो घाबरून थांबला. तो बकऱ्या विकत घ्यायला आला होता. गावात कोणाकडे बोकड आहे, असे त्याने मलाच विचारले.

बहीण देवीच्या मंडपात होती. तिने मंडप झाडला, खांब धुतला, मग कापडाची गुंडाळी मांडीवर घेऊन बसली. ती गुंडाळी जराशी सैल करायची आणि पुन्हा घट्ट करायची. मी ओढ्यातून तिच्याकडे गेलो आणि काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो की गाड्या आज उशिरा असतील. ती म्हणाली, "दादा, तू येरझारा नको घालू. ते येतीन तर तुया चालण्यानं नाही येणार."

मी तिच्याजवळ बसलो. थोड्या वेळाने उठलो.

दुपारी गोसाव्याने पत्रावळीवर भाकर आणि हरभऱ्याच्या पानांची भाजी दिली. वडिलांनी खाल्ली नाही. तेव्हा गोसाव्याने एक सुचवले. नवरा आला नाही तर कापड बांधता येत नाही, पण देवीच्या पायाशी ठेवता येईल. असे पुष्कळ लोक करतात. वडिलांनी नकार दिला. पायाशी ठेवायचे असते तर मी एक पंचा विणला असता, असे ते म्हणाले.  मी मनात परतीच्या गाड्या जुळवत होतो. कोणती गाडी धरली तर सावनेरला कोणती मिळेल, हे जुळत होते. घरी पोहोचल्यावर शेजारच्या म्हाताऱ्यांना काय सांगायचे, ते जुळत नव्हते.

जावई आले ते भलत्याच बाजूने. मी हत्तीजवळ उभा होतो आणि ते मागच्या डोंगरावरून, लाकूडतोड्यांच्या पायवाटेने घसरत खाली उतरले. ते आधीच्या फाट्यावर उतरले होते आणि रान तुडवत आले होते. गोसाव्याने हाक मारली म्हणून मी धावत परत आलो. धोतर काट्यांनी ओढलेले, चेहरा घामाने आणि धुळीने भरलेला, खांद्यावर निळ्या काठाचा दुपट्टा. त्यांनी वडिलांच्या पायांना हात लावला. वडिलांनी त्यांचा हात धरून ठेवला आणि विचारले, "पाणी पेले काय?" ते नाही म्हणाले. मी पाणी दिले. ओढ्यापलीकडे बहिणीने डोक्यावर पदर घेतला आणि उभी राहिली. दोघांनी एकमेकांकडे पाहिले, इतके लांबून की नजरेत काय होते ते मला सांगता येणार नाही.

नंदीच्या निम्म्या पाठीवर अजून ऊन होते. गोसाव्याने घाई केली. मी गुंडाळी आणली. टोक जावयाच्या हातात दिले. त्यांनी ते नंदीच्या गळ्याभोवती घेऊन मोठी गाठ मारली. संत्र्याच्या पेट्या बांधणाऱ्या माणसाची गाठ, पक्की. मग मी गुंडाळी खांद्यावर घेऊन उलगडत ओढ्यात शिरलो. पाणी गुडघ्याला लागत होते. कापड माझ्यामागे हवेत सुटत होते, पांढरे, दोन्हीकडे लाल काठ. त्यात कुठेही वाकडे काही दिसत नव्हते. सुरुवातीचा वडिलांचा हात कुठे संपला आणि बहिणीचा कुठे सुरू झाला, ते मी शोधत होतो, मला सापडले नाही.

पलीकडे बहिणीने टोक घेतले आणि खांबापर्यंत ओढले. टोक खांबाला टेकले आणि तिथेच थांबले.

तिने जोर लावला. जावयाने तिकडून सैल करण्याचा प्रयत्न केला, पण गाठीत जितके गेले होते तितके गेले होते. कापड खांबाला टेकत होते आणि खांबाला वळसा घालायला पुरत नव्हते.

मी नंदीपाशी परत आलो. वडिलांनी विचारले, काय झाले? मी सांगितले. ते म्हणाले, "गाठीचं धरलं नव्हतं काय तू?"

"मी अंतर सांगितलं होतं. गाठीचं तुम्ही धरसान, असं वाटलं."

"मले वाटलं हिशेबवाला माणूस, त्यानं धरूनच सांगितलं असन." मग म्हणाले, "आकडा कायले आणला? सुतळीच आणायची होती घरी."

सुतळी मी घरी आणलीही होती, पण तिने रेडिओचे खोके बांधले होते. हे मी तेव्हा सांगितले नाही. नंदीचा गळा किती जाड आहे, हे मोजणाऱ्यानेही पाहिले नव्हते आणि विणणाऱ्यानेही.

गोसावी मात्र घाबरला नाही. असे पूर्वीही झाले आहे, तो म्हणाला. परके कापड जोडता येत नाही. पण जोडप्याच्या अंगावरचे कापड परके धरत नाहीत. नवऱ्याचा दुपट्टा जोडा, नाही तर बायकोच्या पदराची पट्टी फाडा. कोणाचेही चालते.

हे त्याने मोठ्याने सांगितले, पलीकडे ऐकू जावे म्हणून. ऐकू गेले. तिने हातातले टोक सोडले नाही, पण पदरालाही हात लावला नाही. जावई नंदीच्या गळ्यावर हात ठेवून उभे होते, दुपट्टा खांद्यावर तसाच. दोघेही एकमेकांची वाट पाहत होते. दोन वर्षे ज्या गोष्टीने आमचे घर अडवून ठेवले होते, तीच आता आमच्या सर्वांसमोर भर उन्हात उभी होती. नंदीच्या पाठीवरचे ऊन वशिंडापर्यंत आले. मला राहवेना. मी माझा टॉवेल काढू लागलो. वडिलांनी न पाहता माझे मनगट धरले. "थांब."

मग बहिणीने तिकडून विचारले. आवाज चढवलेला नव्हता, पण त्या दरीत दगडांमुळे शब्द स्वच्छ ऐकू येतो.

"तुम्ही मले न्यायले काहून नाही आले?"

जावई आमच्याकडे पाहू लागले. मी खाली पाहिले. ते म्हणाले, "मले वाटलं तू निरोप धाडशीन."

"मले वाटलं तुमाले निरोप लागत नसन."

"आई म्हणे..."

"आईचं नाही विचारून राहिली मी. तुमचं विचारून राहिली."

 पुढे ते बोलले ते इतके हळू की तिला ऐकू गेले की नाही याची मला शंका होती. "दोनदा निघालो होतो. कळमेश्वरपर्यंत आलो अन् वापस गेलो."

तिला ऐकू गेले होते. "वापस काहून गेले?"

"तुमच्या घरी सगळे बसून असतीन. काय म्हणू आल्यावर, ते समजत नव्हतं."

ती म्हणाली, "हेच म्हणायचं होतं."

मी वडिलांकडे पाहिले. त्यांचे डोळे मिटलेले होते. आमच्या दारात येऊन जावयाला काय म्हणायचे ते सुचत नव्हते, आणि आम्ही घरात बसून त्यांच्या मनात काय काय असेल याचे तर्क करत होतो. त्यांत हे कुठेच नव्हते.

जावयाने दुपट्टा काढला. नंदीची गाठ सोडायला त्यांना वेळ लागला, कारण त्यांनीच ती घट्ट मारली होती. कापडाच्या टोकाला दुपट्टा बांधला, तो नंदीच्या गळ्यात घातला. आता लांबी उलट जास्त झाली. पलीकडे तिने खांबाला तीन वळसे दिले तरी मधले कापड झोळीसारखे खाली आले आणि ओढ्याच्या पाण्याला लागले. पांढऱ्यावर ओल चढत गेली. मला ते बरे दिसले नाही. मी गोसाव्याला म्हणालो की पुन्हा ताणून घेऊ. तो म्हणाला, "राहू द्या बाबूजी, सूख जाएगा." त्याने घाईने कुंकू लावले, नारळ फोडला. वशिंडावरचे ऊन तेवढ्यात गेले.

सगळे चढण चढून फाट्यावर आलो तेव्हा माझी कल्पना होती की आता ती त्यांच्याबरोबर काटोलकडे जाईल. मी तिची पिशवी वेगळीही करून ठेवली होती. काटोलला जायची पांढुर्ण्याकडची गाडी आधी आली. जावई पायरीशी थांबले. बहीण जागची हलली नाही. ती त्यांना म्हणाली, "मागावर नवा ताणा चढवला आहे, लुगड्याचा. ते उतरल्याशिवाय मी नाही येत. बाबाच्या डोळ्याचंही करायचं आहे. मग न्यायले या."

"घरी?"

"घरीच. आता काय म्हणायचं ते माहीत आहे ना?"

कंडक्टरने घंटी मारली. ते चढले. दुपट्ट्याशिवाय त्यांचा खांदा मोकळा दिसत होता. ते खिडकीतून काही म्हणाले, पण गाडी निघाली होती.

नंतरचे दिवस मला त्या सोमवारापेक्षा कठीण गेले. वडिलांच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि ते पट्टी बांधून ओसरीवर बसू लागले. बहीण स्वयंपाक, औषध आणि माग सांभाळत होती, त्यामुळे लुगडे सावकाश वाढत होते. मी कचेरीतून आल्यावर आधी मागाकडे पाहायचो, किती झाले, किती राहिले. गल्लीत सायकल-रिक्षा थांबली की दारापर्यंत जायचो. बायको म्हणे की तुम्ही दाराला तेल घाला, उघडझाप करून बिजागरी झिजली. मला एकच भीती होती. "पाहतो" म्हणणारा माणूस उशिरा का होईना, दरीत आला होता, पण दरीत कोणाचेच दार नव्हते. इथे आमचे दार होते.

गुढीपाडव्याच्या आधीच्या रविवारी ते आले. उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारी मृग बहराची संत्री भरलेली करंडी त्यांनी अंगणात ठेवली आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. खांद्यावर साधा टॉवेल होता. घरात सगळे होते, त्यांना ज्याची धास्ती होती तसेच. मी, बायको, मुले, आणि पट्टीवाले वडील. शेजारचे म्हातारेही नेमके त्याच वेळी आमच्या ओसरीवर आले होते. जावयाने सगळ्यांकडे पाहिले आणि वडिलांना म्हणाले, "न्यायले आलो."

आत मागाचा ठोका चालू होता. तो थांबला नाही.

वडील म्हणाले, "बसा जवाईबापू. वीतभर राहिलं असन."

ते बसले. करंडीतले एक संत्रे काढून सोलले आणि अर्धे वडिलांच्या हातात दिले. वडिलांनी एक फोड शेजारच्या म्हाताऱ्यांना दिली. आत धोटा जात-येत होता, नेहमीच्याच गतीने, ना घाईने ना मुद्दाम सावकाश. तेवढा वेळ जावई उंबऱ्याच्या आत पाय घेऊन, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले. मग ठोका थांबला आणि कात्रीचा आवाज आला.

मी सवयीने उठलो आणि दारापर्यंत गेलो. रस्त्यावर पाहण्यासारखे कोणी उरले नव्हते. परत येऊन बसलो.